तळणी ते आदित्य : सूर्यकिरीटाचा वेध



धामणगाव व पुलगाव यांच्या दरम्यान तळणी हे लहानसे रेल्वे स्थानक आहे. 22 जानेवारी 1898 रोजी खग्रास सूर्यग्रहणाची छाया वऱ्हाडावरून गेली, तेव्हा ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या निरीक्षकांनी तळणी येथे मुक्काम केला होता. त्यांत ॲनी माँडर या विदुषी होत्या. विवाहामुळे ग्रिनिच वेधशाळेतील नोकरी त्यांना सोडावी लागली होती. अभ्यास मात्र सुटला नव्हता. दीड इंची भिंगाच्या कॅमेऱ्याने त्यांनी टिपलेल्या छायाचित्रात सूर्यकिरीटाचा सुमारे 1 कोटी किलोमीटर लांबीचा किरण उमटला. त्याच दिवशी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पुण्याचे प्रा. कावसजी नायगमवाला हेही वेध घेत होते.

किरीट, अर्थात करोना, म्हणजे सूर्याचे अतिविरळ बाह्य वातावरण. त्याचे तेज सूर्यबिंबाच्या दशलक्षांशाएवढेच असल्याने एरवी ते दिसत नाही. तळणीला त्यासाठी जेमतेम दोन मिनिटे लाभली. पुढे 1930 च्या सुमारास फ्रेंच शास्त्रज्ञ बर्नार लिओ यांनी दुर्बिणीतच सूर्यबिंब झाकणारा करोनाग्राफ सिद्ध केला. भारताचे ‘आदित्य एल-1’ हे यान 2 सप्टेंबर 2023 रोजी निघाले आणि 6 जानेवारी 2024 रोजी पृथ्वीपासून सुमारे 15 लाख किलोमीटरवरील कक्षेत स्थिरावले. तेथे सूर्य मावळत नाही आणि ढगही आड येत नाहीत.

हा खटाटोप कशासाठी? सूर्याचा पृष्ठभाग सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सिअस, तर किरीट दहा लाख अंशांहून अधिक तप्त. या कोड्याचा पूर्ण उलगडा अद्याप झालेला नाही. शिवाय किरीटातून उसळणारे द्रव्य पृथ्वीवर आदळले की चुंबकीय वादळे उद्भवतात. मार्च 1989 मध्ये अशाच वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताचा वीजपुरवठा कोलमडला. उपग्रहांवर विसंबलेल्या आजच्या व्यवहाराला ही पूर्वसूचना मोलाची आहे.

येत्या 2 ऑगस्ट 2027 रोजी, सोमवारी दुपारनंतर, ढगांनी साथ दिल्यास वऱ्हाडातून खंडग्रास ग्रहण दिसेल. त्या वेळी किरीट दिसणार नाही आणि उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहणे घातकच ठरेल. म्हणून मुलांना घरात कोंडू नये. प्रमाणित चष्म्यातून अथवा पुठ्ठ्याच्या बारीक छिद्रातून कागदावर पडणाऱ्या प्रतिमेद्वारे त्यांना ग्रहण दाखवावे. पंचायतींनी चष्मे पुरवावेत आणि शिक्षकांनी तळणीची हकिगत सांगावी. आपल्याच मातीवरून घेतलेला वेध विज्ञानाला उपयोगी पडला, हे वऱ्हाडच्या मुलांना ठाऊक असलेच पाहिजे.