दूरच्या पडद्यावरचा ‘ळ’



घरी ब्राउझर उघडून महाविद्यालयातला संगणक चालवता येतो, हे आता नवे राहिलेले नाही. अपाचे ग्वाकामोले हे मुक्त सॉफ्टवेअर हेच काम करते. घरच्या संगणकावर वेगळे काही बसवावे लागत नाही. अशा सोयीत सुधारणा करायची ठरली की वेग, आवाज, छपाई, फायलींची ने-आण अशी यादी होते. त्या यादीच्या पहिल्या ओळीत मराठी लेखन असावे, एवढेच मला आज मांडायचे आहे.

आपल्याला वाटते, आपण अक्षर पाठवतो. पलीकडच्या संगणकाला मात्र बहुधा अमुक कळ दाबली, एवढीच वर्दी मिळते. तिचे अक्षर तो स्वतःच्या कळफलकाच्या मांडणीनुसार ठरवतो. तिकडे इंग्रजी मांडणी असेल, तर आपली मराठी तिथे पोहोचतच नाही. इन्स्क्रिप्टमध्ये ‘ल’ आणि ‘ळ’ एकाच कळेवर आहेत. ‘ळ’साठी सोबत शिफ्ट दाबावी लागते. शिफ्टची वर्दी वाटेत निसटली, की ‘काळ’चा ‘काल’ होतो. दोन्ही शब्द खरे, त्यामुळे शुद्धलेखन तपासणाऱ्या यंत्रालाही चूक दिसत नाही. उज्जैनच्या हिंदी वातावरणात आपल्या मुलांच्या वहीतला ‘ळ’ आधीच निसटू पाहतो. त्यात यंत्राची भर नको.

यावर उपाय आहे. कळेऐवजी युनिकोडमधले अक्षरच पाठवायचे. विंडोजच्या आरडीपी पद्धतीत तशी तरतूद आहे. मात्र तिथे एका वेळी १६ बिटांचाच आकडा जातो. देवनागरी त्यात सहज मावते. २०१४ साली युनिकोडमध्ये आलेल्या मोडीचे प्रत्येक अक्षर मात्र दोन तुकड्यांत पाठवावे लागते. एक तुकडा राहिला की अक्षर गेले. शिंद्यांचा कारभार पाहिलेल्या या शहरात, मोडी कोणाला लागते, असे योजना आखणाऱ्यांनी विचारू नये.

दुसरी गोष्ट चित्राची. इंटरनेट मंद असले की पडद्याचे चित्र दाबून, धूसर करून पाठवले जाते. इंग्रजी तरीही वाचता येते. आपला अनुस्वार आणि रफार पुसट होतो. पान सरकताना धूसर दिसले तर चालेल, पण ते थांबल्यावर मजकूर स्वच्छ दिसलाच पाहिजे.

ही कामे तंत्रज्ञ करतील. पण काय तपासायचे, हे त्यांना आपणच सांगायला हवे. म्हणून विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे: दहा शब्दांची एक चिठ्ठी तयार करा. तिच्यात ‘काळ’ आणि ‘काल’ असू द्या, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ असू द्या. हे शब्द घरच्या संगणकावरून, मोबाइलवरून टंकून पाहा; नक्कल करून चिकटवूनही पाहा. प्रत्येक सुधारणेनंतर हीच चिठ्ठी पुन्हा लावा. दहाही शब्द जसेच्या तसे पलीकडे उमटले, तरच सुधारणा झाली असे म्हणा.