सुट्टीतले पुस्तक

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचून दाखविलेले भाषण)



भाषण करण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. गावातली शाळा तेथेच संपत असे, आणि पुढच्या शाळेसाठी रोज एवढी वाट तुडवायला मुलीला धाडणे घरच्यांना पटले नाही. तेव्हा काही चुकलेमाकले तर सांभाळून घ्यावे. मला आज सुट्टीत मुलांना द्यावयाच्या पुस्तकांविषयी दोन शब्द सांगायचे आहेत.

आपल्याकडे सुट्टी म्हणजे घर भरण्याचे दिवस. चतुर्थीला, दिवाळीला, मे महिन्यात मुंबईची नि गोव्याची माणसे येतात. येणारा खाऊ आणतो. जाणाऱ्याला आपण काजूगर, फणसाची साठे, आमसुले बांधून देतो आणि मुलांच्या हातावर पैसे ठेवतो. पुस्तक मात्र क्वचितच कोणी देते.

वास्तविक सण आणि वाचन यांची सांगड घालणारा गृहस्थ आपल्याच बाजूचे आडनाव लावणारा होता. काशिनाथ रघुनाथ आजगावकर हे त्यांचे नाव; पुढे ते 'मित्र' या नावाने ओळखले गेले. त्यांनी १८९५ साली 'मनोरंजन' मासिक सुरू केले आणि १९०९ साली त्याचा दिवाळी अंक काढला. दिवाळी अंकांची प्रथा मराठीत तेथून रुजली. फराळाच्या ताटाशेजारी वाचायलाही काही हवे, हे मराठी घरांना कळून शंभरांवर वर्षे झाली.

मला पहिले पुस्तक मिळाले ते मे महिन्यातच. मी पाचवीत होते. मुंबईची मावशी आली, तिने पिशवीतून साने गुरुजींचे 'श्यामची आई' काढले. पण नुसते हातात दिले नाही. दुपारी पडवीत मला जवळ बसवून तिने पहिल्या दोन रात्रींच्या गोष्टी मोठ्याने वाचल्या आणि पुस्तक माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "आता पुढचे तू वाच. मला भांडी घासायची आहेत." मी वाचीत राहिले. श्यामचे पालगड कोकणातलेच, त्यामुळे त्यातले घर, अंगण, विहीर मला आमचीच वाटली. सुट्टी संपेपर्यंत ते पुस्तक मी तीनदा वाचले.

पुढे लग्न झाले. संसारात वाचन सुटले ते सुटलेच. ते पुस्तक मी सासरी आणले होते. एका पावसाळ्यानंतर ट्रंक उघडली तेव्हा त्याला वाळवी लागलेली होती. कोणापाशी बोलले नाही, पण फार वाईट वाटले.

आता गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आमचा पुतण्या मुंबईहून आला. इंग्रजी शाळेत पाचवीला आहे. मावशीची आठवण ठेवून मी सावंतवाडीहून त्याच्यासाठी भा. रा. भागवतांचे 'फास्टर फेणे'चे एक पुस्तक आणले. त्याने चित्र पाहिले, "थँक्यू काकी" म्हटले, आणि पुस्तक झोपाळ्यावर टाकून तो मोबाइल घेऊन बसला. आठ दिवस ते तेथेच पडून होते. मला राग आला. आजकालच्या मुलांना आवडच नाही, असे मी जावेला बोलूनही दाखविले.

मग एके दिवशी दुपारी वीज गेली ती संध्याकाळपर्यंत आली नाही. मोबाइल बंद पडला. मी पुस्तक उचलले आणि मोठ्याने वाचायला घेतले. कित्येक वर्षांनी वाचीत होते; जोडाक्षरांशी अडखळत होते, ओळ चुकत होते. घरातल्यांसमोर असे वाचण्याची लाज वाटत होती. सासूबाई ओटीवर काजू फोडीत होत्या. मी थांबले की त्या विचारीत, "मगे काय झाला?"

पोरगा हळूहळू जवळ सरकला. थोड्या वेळाने म्हणाला, "काकी, तू पण अडखळतेस?" मी म्हटले, "हो रे, सवय गेली." तेव्हा तो खाली बघून म्हणाला, "मला पण मराठी पटपट वाचता येत नाही. सगळे हसतात."

भगिनींनो, त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. आठ दिवस मी ज्याला नावड म्हणत होते, ती नावड नव्हती. माझ्यासारखाच तोही ती अडचण लपवीत होता. त्या दिवसापासून एक पान त्याने, एक पान मी, असे आम्ही वाचू लागलो. जाईपर्यंत पुस्तक संपले. जाताना त्याने ते पिशवीत अगदी वर ठेवले.

यावरून मला एवढेच उमजले, की पुस्तक देणे म्हणजे नुसते हातात देणे नव्हे. मावशीने दिले तसे द्यावे. पहिली दोन पाने आपण वाचावी, मूल अडखळले तर हसू नये, आणि शेवटी परीक्षा घेऊ नये. आपले शिक्षण कमी म्हणून संकोचू नये. आपण अडखळलो तर मुलाला धीरच येतो.

आता मंडळापुढे एक सूचना मांडते. सावंतवाडीला श्रीराम वाचन मंदिर आहे, पण मे महिन्याच्या उन्हात मुलांना एस.टी.ने तेथवर नेणे प्रत्येकीला जमत नाही. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ साली 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम सुरू केला. शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या वस्तीत ठेवायची आणि काही महिन्यांनी ती दुसऱ्या वस्तीतल्या पेटीशी बदलायची, अशी ती रीत. लोकांनी वाढदिवसाला दिलेल्या देणग्यांतून त्या पेट्या भरल्या. आपल्याला शंभर नकोत, वीस पुरेत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण प्लॅस्टिकच्या वाट्या, डबे वाण म्हणून लुटतो. त्या खर्चातून यंदा प्रत्येकीने मुलांचे एक पुस्तक आणावे. मंडळाची एक पत्र्याची पेटी करावी आणि मे महिन्यात ती वाडीवाडीतून फिरवावी. पावसाळ्यात तिची काळजी मी घेईन. दसऱ्यानंतर पुस्तकांना ऊन दाखवायचे कामही माझे. एकदा वाळवीने शिकविले आहे.

पेटीत पहिले पुस्तक मी ठेवणार आहे. ते 'श्यामची आई' असेल, हे सांगायला नकोच.