मंडळाचें संकेतस्थळ आणि सर्व वाचक



२०१९ सालच्या ऑगस्टमध्यें कृष्णेला महापूर आला, तेव्हां सांगलींत घरोघरीं एकच प्रश्न होता : आयर्विन पुलापाशीं पाणी किती फूट झालें? ४५ फूट ही धोक्याची पातळी. त्या वेळीं पाणी ५७ फुटांच्याही वर गेलें. पुढें २०२१ च्या जुलैंत तें पुन्हां शहरांत शिरलें. अशा वेळीं एखादें गणेशोत्सव मंडळ किंवा वाचनालय आपल्या संकेतस्थळावर पाण्याची पातळी व निवाऱ्याच्या जागा कळवूं शकतें. समजा, ही माहिती फळ्यावर लिहून तिचें छायाचित्र तेथें लावलें. डोळस माणूस ती क्षणांत वाचील. पण त्याच गल्लींतल्या अंध गृहस्थांनीं काय करावें?

अंध माणूस संगणक कसा वापरतो हें पुष्कळांस ठाऊक नसतें. पडद्यावरील मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणारी एक आज्ञावली असते. तिला आपण पडदावाचक म्हणूं. ऑस्ट्रेलियांतील मायकेल करन ह्या अंध तरुणानें २००६ सालीं एन. व्ही. डी. ए. नांवाचा असा वाचक रचण्यास आरंभ केला. तो आजही विनामूल्य मिळतो, व मराठीही वाचतो. चित्रांतील अक्षरें ओळखणारीं साधनें आतां निघालीं आहेत खरीं. पण पुराच्या रात्रीं त्यांनीं ४५ चे ५४ केले तर? छायाचित्राखालीं तीच माहिती टंकून दिली, म्हणजे हा प्रश्नच उरत नाहीं.

मराठींत आणखी एक अडचण आहे. कित्येक संस्थांचे जुने अहवाल अशा टंकांत जुळविलेले असतात कीं डोळ्यांना ‘क’ दिसतो, पण यंत्राच्या लेखीं तेथें भलतेंच रोमन अक्षर असतें. पडदावाचक तेथें येतांच निरर्थक बडबडूं लागतो. तोच मजकूर युनिकोडमध्यें असला कीं नीट वाचला जातो. सातारा जिल्ह्यांतील वाई येथें सिद्ध झालेला मराठी विश्वकोश आज संकेतस्थळावर मजकूररूपानें आहे. एरवीं ज्याचे जाडजूड खंड अंध वाचकाला दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागले असते, तो त्याला आपला आपण ऐकतां येतो.

“आमच्या मंडळांत अंध सभासद कोणीच नाहीं,” असें कोणी म्हणेल. परंतु दार बंद असलें कीं आंत कोणी येत नाहीं, आणि कोणी येत नाहीं म्हणून दार उघडण्याची गरज नाहीं, असा हा युक्तिवाद आहे. शिवाय मोतीबिंदू झालेल्या आजोबांना फिकट अक्षरें वाचतां येत नाहींत. बहिऱ्या भगिनीला चलच्चित्रांतील भाषण कळण्यास खालीं शब्द लिहिलेले लागतात. हात कांपणाऱ्या माणसाला केवळ कळफलकावर काम व्हावें लागतें. २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यानें माहिती सर्वांस सुगम असण्याला हक्काचें स्थान दिलें आहे. तेव्हां ह्यांत उपकाराची भाषा नको.

खर्च फारसा नाहीं. चित्राखालीं त्याचें वर्णन लिहावें. अक्षरें व पार्श्वभूमि ह्यांच्या उजळपणाचें प्रमाण निदान साडेचारास एक असावें, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. ‘येथें दाबा’ असें न लिहितां ‘सभेचें निमंत्रण’ असें लिहावें, कारण पडदावाचकावर दुव्यांची नुसती यादी ऐकणाऱ्याला ‘येथें’ म्हणजे कोठें हें कळत नाहीं. आणि सर्वांत महत्त्वाचें, एखाद्या अंध परिचितास बोलावून त्याच्याकडून संकेतस्थळ वापरवून घ्यावें, व तो अडखळेल तेथें आपण दुरुस्ती करावी.

नभोवाणीवर बोलणाऱ्याला हें भान ठेवावेंच लागतें. माझ्या हातांतला कागद आपणांस दिसत नाहीं; म्हणून त्यावर जें आहे तें मला शब्दांत सांगावें लागतें. मंडळाच्या चिटणिसांनीं पुढची सूचना लावण्यापूर्वीं ती एकदां डोळे मिटून कोणाकडून तरी ऐकावी. पुढचा पावसाळा येण्यापूर्वीं एवढें झालें तरी पुष्कळ झालें.