सफाई कामगाराच्या पायांतील चाके
(कल्याण-डोंबिवली परिसरातील कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



घरांच्या प्रश्नावर बोलावलेल्या बैठकीत एका शिल्पकाराचा विषय कशासाठी, अशी शंका आपल्यापैकी काहींना आली असेल. शंका रास्त आहे. कलादालनाची पायरी आपण क्वचितच चढतो, आणि तेथील मंडळीही आपल्याला अगत्याने बोलावतात असे नाही. परंतु ज्या कलावंताविषयी मी बोलणार आहे त्याचा विषय आपल्याच खोलीतला आहे.

अमोल के. पाटील यांचा जन्म १९८७ साली मुंबईत झाला. आजोबा पोवाडे रचणारे, वडील नाटककार. शिल्प, चित्रफीत, ध्वनी, रेखाटन आणि प्रत्यक्ष प्रयोग अशी सारी साधने पाटील एकत्र वापरतात. विषय मात्र फिरून फिरून एकच: चाळीतली खोली आणि तिच्यात वावरणारे श्रमिकाचे शरीर. जर्मनीत कासेल येथे दर ५ वर्षांनी 'डॉक्युमेंटा' हे जागतिक प्रदर्शन भरते. २०२२ साली तेथे त्यांनी 'ब्लॅक मास्क्स ऑन रोलर स्केट्स' ही कृती मांडली. तिच्यातला सफाई कामगार पायांत चाकांचे स्केट्स बांधून, रेडिओ सोबत घेऊन फिरतो. यलगार सांस्कृतिक मंचाचे कलावंतही या कामात त्यांच्याबरोबर होते. पुढल्या वर्षी लंडनच्या हेवर्ड गॅलरीत त्यांचे प्रदर्शन झाले.

स्केटिंग आपल्याकडे कोणाची मुले शिकतात, हे सांगावयास नको. ज्याचे शरीर समाजाने झाडू मारण्यापुरतेच जमेस धरले, ज्याच्या स्पर्शाचाही विटाळ मानला, तो माणूस चाकांवरून तोल सावरीत, गाणे ऐकत जातो, तेव्हा तो आपले शरीर स्वतःच्या मालकीचे असल्याचे सांगत असतो. वेतन, बोनस आणि सुट्टी यांच्या मागण्या आपण वर्षानुवर्षे केल्या. श्रमिकाला खेळण्याचा हक्क आहे, असे आपल्या किती जाहीरनाम्यांत आले?

आता खोलीकडे वळू. मुंबईतील बी. डी. डी. चाळी १९२०च्या दशकात सरकारने बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे. खोली १६० चौरस फुटांची, शौचालये सामाईक. एवढ्या जागेत कुटुंबे राहिली ती मधल्या लांबलचक वाटेच्या आणि अंगणाच्या आधारावर. तेथेच कबड्डीचे डाव रंगले, तेथेच पोवाडे व भाषणे झाली, आणि १९७४ साली वरळीत दलितांवर हल्ले झाले तेही याच चाळींत. जातीचे चटके तेथे होतेच, हे लपवून चाळीचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. सार्वजनिक शौचालयासमोर पहाटे रांगेत उभे न राहिलेले लोकच बहुधा चाळीसाठी हळहळतात.

म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, याचा आपल्याला आनंदच आहे. पण ४० मजली इमारतीत मुलांनी कोठे खेळावे, म्हाताऱ्यांनी कोठे टेकावे, हा प्रश्न क्षेत्रफळाच्या आकड्याने सुटत नाही.

आणि आपल्याकडे तर तो आकडाही सुखासुखी मिळत नाही. १९८२चा संप फसला, गिरण्या बंद पडत गेल्या, आणि गिरणगावातली किती कुटुंबे कल्याण, डोंबिवली, अंबरनाथकडे सरकली, हे या सभागृहातील पांढऱ्या केसांना विचारावे. परवडणारे घर म्हणजे बेकायदा घर, असे समीकरण येथे रूढ झाले. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळ 'लकी कंपाउंड'मधील इमारत कोसळून ७४ माणसे मेली. जुलै २०१५ मध्ये ठाकुर्लीची 'मातृछाया' पडली. अशा वेळी मैदानाची भाषा चैनीची वाटते. बिल्डरालाही ती तशीच वाटावी अशी इच्छा असते, आणि आपण नकळत त्याला साथ देतो.

मुंबईचेच दुसरे कलावंत, २०१८ साली निधन पावलेले तुषार जोग, यांनी 'युनिसेल' नावाचे जणू एक सार्वजनिक बांधकाम खातेच उभारले होते. लोकलबाहेर लोंबकळणाऱ्या प्रवाशाला डब्याशी जोडून ठेवणारे उपकरण त्यांनी कल्पिले. लोक हसले असतील. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लटकलेले प्रवासी गाडीतून पडून मेले, त्यानंतर त्या विनोदावर हसवत नाही. दूरचे घर आणि त्या घरापर्यंतचा जीवघेणा प्रवास हा एकाच हिशेबातला खर्च आहे, आणि तो शरीर भरते. ज्याचे ३-४ तास गाडीत जातात, त्याने कबड्डी केव्हा खेळावी?

ठाण्यात किसननगरला २०२३ साली समूह पुनर्विकासाचा प्रारंभ झाला. डोंबिवलीतही जुन्या इमारतींचे नकाशे सोसायट्यांपुढे येत आहेत. अशा सभांत आपले कार्यकर्ते चटईक्षेत्र आणि भाडे यांवर पोटतिडकीने भांडतात. यापुढे त्यांनी नकाशाच मागून घ्यावा. मोकळी जागा वाहनतळाच्या छपरावर दाखवली आहे की जमिनीवर, तिला कुलूप लागणार का, भाडेकरूंच्या आणि घरकामाला येणाऱ्या बायांच्या मुलांना तेथे प्रवेश आहे का, हे लेखी घ्यावे. आणि पाटील यांची चित्रफीत कल्याणच्या एखाद्या शाळेच्या पटांगणात पडदा लावून दाखवता येईल का, यासाठी त्यांना पत्र लिहिण्याचे काम आपल्यापैकी कोणी तरी आजच अंगावर घ्यावे. कासेलचे तिकीट आपल्याला परवडणारे नाही.