दुखणे आणि मन

मंडळी, आज पारावर बसताना निम्म्या लोकांनी "आई ग" म्हटले. कुणाची कंबर, कुणाचा गुडघा. म्हणून आज दुखण्याविषयीच बोलू.

माझा उजवा गुडघा सहा वर्षे दुखतो आहे. झालेली झीज भरून येत नाही, असे डॉक्टर म्हणाले. पण गुडघ्यापेक्षा रात्र वाईट जाई. अंथरुणाला खिळलो तर कोण करील? हाच घोर. जेवण गोड लागेना, कुणी बोलावले तरी जावेसे वाटेना. म्हणजे दुखणे एक आणि काळजी दुसरी, ओझे दोन्हींचे.

अमेरिकेत वुस्टर नावाचे शहर आहे. तिथे १९७९ साली जॉन कबाट-झिन या गृहस्थांनी वर्ग सुरू केला. औषधाने ज्यांचे दुखणे हटत नसे, अशी माणसे त्यात येत. वर्ग आठ आठवड्यांचा. शिकायचे काय? उताणे निजायचे. मग डाव्या पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत लक्ष हळूहळू न्यायचे. दुखऱ्या जागीही थांबायचे. ठणका आहे की जळजळ, तेवढे बघायचे. मन भटकणारच, माझे तर थेट बाजारात जाते! त्यावर रागवू नये, परत आणावे.

ही विद्या मूळची बुद्धाची. आपल्याकडे इगतपुरीला १९७६ पासून विपश्यनेचे केंद्र चालते. ते काढणारे सत्यनारायण गोएंका ब्रह्मदेशात व्यापारी होते. त्यांना अर्धशिशीचा भारी त्रास. १९५५ साली ते ऊ बा खिन या गुरूंकडे गेले. गुरू म्हणाले, नुसत्या डोकेदुखीसाठी येऊ नका. गोएंका विचार करून पुन्हा गेले, तेव्हा शिकवले.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, तुमचा गुडघा बरा झाला का? नाही. जिना चढताना अजून कळ येते. पण रात्रीचा घोर कमी झाला. चार घास जातात.

मात्र डॉक्टरांची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. छातीत कळ आली, पाय अचानक लुळा पडला, तर डोळे मिटून बसू नका, लगेच दवाखाना गाठा. आणि जीव नकोसा वाटू लागला, तर घरच्यांना सांगा. १४४१६ हा सरकारी टेली-मानस फोन आहे, त्याला पैसे पडत नाहीत.

बरं, आता दहा मिनिटे करून पाहू. निजता येत नसेल त्यांनी भिंतीला टेकावे. आजीबाई, तुम्ही खुर्ची घ्या. कुणी घोरू लागले तर हलवू नका. हं, डाव्या पायाची बोटे.