विडर मध्येच बंद पडतो?



पेट्रोलवरचा पॉवर विडर सुरू होतो…
थोडा वेळ चालतो…
आणि बंद पडतो.
जरा थांबून दोरी ओढली, की पुन्हा सुरू!

असं होत असेल, तर आधी टाकीचं झाकण बघा.
झाकणाला बारीक छिद्र असतं.
त्यातून टाकीत हवा जाते.
ते मातीनं बुजलं, की पेट्रोल खाली उतरत नाही.

इंजिन थंड होऊ द्या.
झाकण जरा सैल करा.
सपाट जागेवर, विडर एकाच जागी उभा ठेवून इंजिन चालवून बघा.
आता चालू राहिलं, तर दोष झाकणातच.
छिद्र साफ करा.

नाहीच जमलं, तर गेल्या हंगामातलं पेट्रोल काढून टाका.
एअर फिल्टरही बघा.

पुन्हा सांगते…
आधी झाकण, मग बाकीचं.

आणि पेट्रोलजवळ विडी-काडी अजिबात नको.