एका दिवसाला एकच काम: पोरांना आणि अण्णांना घेऊन मॉरिशस

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघातले ‘म्हणजे’, ‘अॅक्च्युअली’ बरेच काढलेत, तरी काही राहिलेत.)

आजचा एपिसोड राहुरीहून, आमच्या घराच्या माडीवरून रेकॉर्ड करतोय. मागे गायी ओरडल्या तर ते बॅकग्राउंड म्युझिक समजा.

लहान पोरांना घेऊन परदेशात जायचं आणि तरी निवांत राहायचं, असं होतं का? बऱ्याच जणांनी विचारलं होतं. होतं. पण त्याआधी आम्ही एकदा सपशेल तोंडावर आपटलोय. तिथूनच सुरू करतो.

दोन वर्षांपूर्वी आम्ही तिघं सिंगापूरला गेलो होतो. कन्या तेव्हा अडीच वर्षांची. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, त्यामुळे एक्सेल शीट बनवली. चार दिवस, सतरा ठिकाणं. प्रत्येक ठिकाणापुढे वेळ, मेट्रोचं स्टेशन, तिकिटाचा नंबर. हिरवा रंग म्हणजे झालं, लाल म्हणजे राहिलं. मला त्या शीटचा इतका अभिमान की ऑफिसातल्या तिघांना मी ती पाठवली पण होती.

आता सिंगापूरचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. मी सकाळी सातचा अलार्म लावायचो. म्हणजे पोरीच्या शरीरात वाजलेले असायचे पहाटेचे साडेचार. हे साधं गणित मी बीटेक होऊन केलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ती मेट्रोच्या प्लॅटफॉर्मवर फतकल मारून बसली आणि उठेना. आमची पुढची वेळ चुकत होती. मी तिच्यावर ओरडलो. लोकांसमोर, जोरात. ती रडलीसुद्धा नाही. नुसती म्हणाली, “पप्पा, आपण राहुरीला जाऊ.”

बायको तेव्हा काही बोलली नाही. रात्री हॉटेलात एवढंच म्हणाली, “तू फिरायला आलायस का शीट भरायला?” उरलेला दिवस आम्ही हॉटेलखालच्या बागेत काढला. तिथे पोरगी दोन तास मुंग्या बघत बसली, आणि अख्ख्या ट्रिपमधला तिच्या हसण्याचा एकमेव व्हिडिओ तिथलाच आहे.

तर यंदा पुन्हा जायचं ठरलं तेव्हा शीट करायची नाही हे पहिलं कलम. आणि माणसं वाढलेली. कन्या साडेचार वर्षांची, चिरंजीव चौदा महिन्यांचे, आम्ही दोघं, आई आणि अण्णा. आई-अण्णा कधी विमानात बसलेले नव्हते.

मॉरिशस का? पहिलं कारण घड्याळ. ते आपल्या मागे फक्त दीड तास. आमची पोरं गावाकडे सकाळी साडेसहाला उठतात, तिथे ती पाचलाच टक्क जागी व्हायची. ऐकायला वाईट वाटतं, पण मे महिन्यात तिथे हिवाळा लागत असतो आणि संध्याकाळी सहाच्या आतच सूर्य मावळतो. मग आम्ही पोरांचं घड्याळ बदललंच नाही. उजाडता उजाडता समुद्रावर, अकराला जेवण, मग झोप, आणि संध्याकाळी सातला दोन्ही पोरं गाढ. सातनंतर आम्ही चौघं ओट्यावर चहा घेत बसायचो. लग्नानंतर एवढ्या गप्पा आम्ही चौघांनी एकत्र मारल्याचं मला आठवत नाही.

दुसरं, भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, तिथे उतरल्यावर प्रवेश मिळतो आणि त्याचे पैसे नाहीत. परतीचं तिकीट, राहायच्या जागेचं बुकिंग आणि जवळ पुरेसे पैसे हे दाखवायची तयारी ठेवायची, आणि निघण्याआधी त्यांचा ऑनलाइन फॉर्म भरायचा. मुंबईहून थेट विमान सहा-साडेसहा तासांचं. मधे विमान बदलायचं नाही, हे पोरांच्या बाबतीत सोन्याहून पिवळं. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसवता येतं, त्याचं तिकीट खूप कमी पडतं. चिरंजीवांची दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत जाण्यात तोही एक हिशोब होता, खोटं कशाला बोलू.

तिसरं कारण अण्णा.

अण्णांचं म्हणणं ठरलेलं: “तुम्ही जा. गाया कोण बघणार?” तीन गायी, सकाळ-संध्याकाळ धारा, डेअरीला दूध घालायचं. माझ्या आठवणीत अण्णा सलग चार दिवस घराबाहेर राहिले ते फक्त पंढरपूरला, आणि एकदा दवाखान्यात. चुलतभाऊ म्हणाला मी बघतो गायी, तरी ते ऐकेनात. शेवटी मी मोबाइलवर मॅप उघडला, सॅटेलाइट लावलं, आणि मॉरिशस दाखवलं. बेटाच्या बऱ्याच भागावर हिरवे चौकोनी तुकडे. “हे काय आहे?” म्हणाले. म्हटलं, ऊस. अण्णांनी चष्मा आणायला सांगितला.

ऊस हा आमच्या घरचा विषय. मुळा धरणाचं पाणी, उसाचं रान. आमच्या शेजारीच लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी १९५० साली महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा केला, हे अण्णा पाहुण्यांना चहाआधी सांगतात. मे महिन्यात आपल्याकडे गळीत हंगाम संपलेला असतो, त्यामुळे त्यांनाही सवड. तिकडे मात्र तोड जूनच्या सुमारास सुरू होते, म्हणजे मे अखेरीस ऊस उभा. अण्णा म्हणाले, “मग बघून येऊ.”

आणि मॉरिशस केवढं? सगळा देश मिळून दोन हजार चाळीस चौरस किलोमीटर. आपला जिल्हा सतरा हजारांच्या वर. आपल्या जिल्ह्यात आठ मॉरिशस बसतात राव! म्हणजे कुठेही जा, तास-दीड तासाच्या वर गाडीत बसायचं नाही. पोरांसोबत हा मुद्दा लाखमोलाचा. कारण राहुरीहून मुंबईला जातानाच आमची कन्या माळशेज घाटात दोनदा ओकली. आपल्या जिल्ह्यात काकडीला विमानतळ आहे खरा, पण या प्रवासाला मुंबईच गाठावी लागली. आम्ही आदल्या दिवशीच निघालो आणि ठाण्याला मावशीकडे मुक्काम केला. थेट घरून विमानतळ गाठायचा शहाणपणा पोरांसोबत करू नका.

कागदपत्रांचं झटकन सांगतो. लहान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचाच निघतो, आणि आई-वडील दोघांची संमती लागते. दोघांची आणि मुलाची नावं सगळ्या कागदांवर अक्षर न् अक्षर तीच आहेत का हे फॉर्म भरण्याआधी बघा. आमच्याकडे आईच्या नावात एका कागदावर ‘बाई’ होतं, एकावर नव्हतं. त्यातच तीन आठवडे गेले. शिवाय घरात काही कागदांवर अहमदनगर, काहींवर अहिल्यानगर. अण्णा म्हणाले, “काही लिव्हा, कुणी इचारलं तर मी नगरच सांगणार.”

विमानात काय? उडताना आणि उतरताना लहान्याला दूध पाजलं, म्हणजे गिळण्यामुळे कान दुखत नाहीत. मोठीला लिमलेटची गोळी. दोन-दोन जोड कपडे हातातल्या बॅगेत, आणि हो, एक जोड स्वतःसाठीही. मी नव्हता घेतला. सहा तास दुधाच्या वासात बसलो.

राहायला आम्ही हॉटेल घेतलं नाही. पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक-आँ-फ्लाक म्हणून गाव आहे, तिथे तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर घेतलं. स्वयंपाकघर आणि कपडे धुवायचं मशीन असलेलं. रोज सकाळी वरण-भात लागला की पोरांचं अर्धं जग जागेवर असतं. तिथे तांदूळ, डाळ, दही सगळं दुकानात मिळतं. आईला मी म्हटलं होतं, तू स्वयंपाक करायचा नाहीस, तू सुट्टीवर आलीयेस. दोन दिवस तिने ऐकलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “मला हात बांधून बसवू नकोस, मला करमत नाही.” मग एक वेळ ती, एक वेळ मी, रात्री बाहेरचं. निवांतपणा प्रत्येकाचा वेगळा असतो हे मला तेव्हा कळलं.

बाहेरचं म्हणजे मुख्यतः ढोलपुरी. डाळ भरलेली पातळ पोळी, दोन-दोन एकात एक, आत वालासारख्या शेंगदाण्यांची भाजी आणि चटणी. चुकलो, शेंगदाण्यांची नाही, दाण्यांची. मोठे पांढरे दाणे असतात. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, “अगं बाई, ही तर बिनगुळाची पुरणपोळी!” कन्येने चटणी न लावता रोज खाल्ली.

समुद्राचं सांगायला हवं. बेटाच्या बहुतेक किनाऱ्याभोवती प्रवाळाची भिंत आहे. मोठ्या लाटा लांब तिथेच फुटतात, आणि आत पाणी उथळ, संथ. तरी पोरांजवळून हातभर लांबही जायचं नाही आणि जिथे पोहू नका असं लिहिलंय तिथे उतरायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. किनाऱ्यावर सुरूची झाडं, खाली सावली. आई साडीतच घोटाभर पाण्यात उभी राहायची, तासभर.

नियम एकच होता: एका दिवसाला एकच काम. आणि आगाऊ बुकिंग फक्त विमान आणि घराचं. याचा फायदा चौथ्या दिवशी कळला. आदल्या रात्री लहान्याला ताप चढला, एकशे एक. परदेशात रात्री दोन वाजता तापलेलं पोर मांडीवर असलं की माणसाला सगळी शहाणपणं विसरायला होतात. आमच्या डॉक्टरांनी निघतानाच वजनाप्रमाणे किती मिली औषध द्यायचं ते चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. ती चिठ्ठी फ्रीजवर चिकटवलेली होती, म्हणून डोकं चालवावं लागलं नाही. आई रात्रभर बसून राहिली. सकाळी त्यांना व्हिडिओ कॉल केला. ते म्हणाले, पाणी-दूध घेतोय, लघवी होतेय, खेळतोय, तर थांबा; नाहीतर तिथल्या डॉक्टरांकडे जा. विम्याचा नंबर आणि जवळच्या दवाखान्याचा पत्ता काढून ठेवला होता, लागला नाही. दुपारी उतरला ताप. त्या दिवशी बोटीने एका छोट्या बेटावर जायचं मनात होतं, ते राहिलं. पण पैसे भरलेलेच नव्हते, त्यामुळे काही बुडालं नाही, आणि कुणी कुणावर चिडलं नाही. सिंगापूरच्या शीटमध्ये हा दिवस लाल झाला असता.

एक दिवस राजधानीला गेलो, पोर्ट लुईला. तिथे आप्रवासी घाट आहे. १८३४ नंतर इंग्रजांनी उसाच्या मळ्यांसाठी करारावर भारतातून मजूर आणले. १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं या धक्क्यावर उतरली. २००६ साली युनेस्कोने ही जागा जागतिक वारशात घेतली. धक्क्यावरच्या सोळा दगडी पायऱ्या आजही आहेत. कन्येने मोठ्याने मोजल्या, बारानंतर तिची गाडी पंधरावर गेली, अण्णांनी दुरुस्त केली. यातली काही माणसं आपली होती, रत्नागिरी-साताऱ्याकडची, मुंबई बंदरातून गेलेली. आज त्यांच्या वंशजांना तिथे मराठीच म्हणतात, आणि गणेश चतुर्थीला अख्ख्या देशाला सरकारी सुट्टी असते.

आमचा टॅक्सीवाला त्यातलाच निघाला. आम्ही गाडीत मराठी बोलत होतो. तो थोडा वेळ ऐकत राहिला, मग इंग्रजीत म्हणाला, मी पण मराठी. आईने लगेच विचारलं, “कोणत्या गावचे?” त्याला प्रश्न कळला नाही. घरी ते क्रिओल बोलतात. पण आरती पाठ आहे, म्हणाला, आणि गाडी चालवता चालवता म्हणूनही दाखवली. काही शब्द बदललेले, चाल जरा वेगळी. आई टाळ्या वाजवत होती. गाव कोणतं हे त्याच्या आजीलाही माहीत नव्हतं म्हणे.

आणि अण्णांचा दिवस. बो प्लाँ नावाच्या ठिकाणी जुना साखर कारखाना होता, १९९९ साली बंद झाला, त्याचं आता संग्रहालय केलंय. जुनी यंत्रं जागेवरच ठेवलीत. मी, बायको आणि पोरं तासाभरात बाहेर येऊन सावलीत बसलो. लहाना झोपला. अण्णा अडीच तास आत होते. एक अक्षर इंग्रजी-फ्रेंच येत नाही, तरी आईला प्रत्येक मशीन समजावून सांगत होते. परतीच्या वाटेवर त्यांनी गाडी थांबवायला लावली. रस्त्याला लागून ऊस उभा, कुठे कुठे तुरा येऊ लागलेला. बांधावर मोठमोठ्या काळ्या दगडांचे ढीग, रानातून वेचून काढलेले. अण्णा त्या दगडांकडेच बघत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, “हे हातानं उचललेत. आपल्याच लोकांनी.” मग गाडीत बसले. संध्याकाळपर्यंत फार बोलले नाहीत.

रात्री हळूच मला विचारतात, “दोन डोळ्यांची एक टिपरी नेता येईल का रे, बेण्याला?” म्हटलं अण्णा, अजिबात नाही. परवानगीशिवाय असं बेणं आणता येत नाही, रोग येतो त्यातून. “माहितेय मला,” म्हणाले. तरी मी निघताना त्यांच्या बॅगेचे सगळे कप्पे तपासले. ते बघत होते आणि हसत होते.

खर्च विचाराल. आठ दिवस, सहा माणसं, चार लाखांच्या आसपास. निम्म्याहून जास्त विमानालाच. सुट्टीत तिकिटं महाग असतात, म्हणून आम्ही जानेवारीतच काढली होती. तेवढेही नको वाटले तर हाच नियम धरून आधी दिवेआगरला जाऊन बघा, आम्ही सरावाला तिथेच गेलो होतो.

कन्येला परवा शाळेत विचारलं, सुट्टीत काय पाहिलंस? ती म्हणाली, “माझी आजी समुद्रात उभी होती.” बस, एवढंच.

चला, थांबतो. खालून अण्णा हाक मारतायत, धारांची वेळ झाली.